खोदकाम मक्त्यानें, जोखीम कोणाची?

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतील बागाइती जमिनीचें एक वैशिष्ट्य असें कीं, तिचें वैभव जितकें वर डोलतांना दिसतें तितकेंच तें खालीं पुरलेलें असतें. अन्य पुष्कळ जिल्ह्यांत धरणाचें पाणी कालव्यांतून शेतांत येतें. आपल्याकडे मात्र शाहू महाराजांच्या कारकीर्दींत काम सुरू झालेल्या राधानगरी धरणाचें पाणी नदींत सोडावयाचें, तें जागजागीं कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांनीं अडवावयाचें, आणि काठावरून पंपानें उचलून नळांवाटे दूरच्या शिवारांत न्यावयाचें, अशी रीत पडली. त्यामुळें पंचगंगा, भोगावती, दूधगंगा व वारणा ह्या नद्यांच्या दोन्ही अंगांस सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे आणि खासगी बागाइतदारांचे नळ एकमेकांच्या शेतांखालून गेलेले आहेत. त्यांत गांवोगांवच्या पिण्याच्या पाण्याचे नळ व टेलिफोनच्या ऑप्टिकल फायबर केबली यांची भर पडली. काळम्मावाडीहून कोल्हापूर शहरास पाणी आणणारी सुमारें ५३ किलोमीटर लांबीची थेट नळयोजना नोव्हेंबर २०२३ मध्यें वाहती झाली. म्हणजे आपल्या पायांखालीं आज पुष्कळांची तहान व पुष्कळांचें पीक आहे.

दुसरीकडे खोदणें मात्र पूर्वींपेक्षां फार सोपें झालें आहे. कुदळ-फावड्यानें चर खणणाऱ्या गड्याच्या हातास नळाचा ठणका लागे आणि तो थांबे. शिवाय तो गांवचाच असल्यानें कोणाचा नळ कोठून गेला हें त्यास ठाऊक असे. आज विहीर, घराचा पाया, शोषखड्डा, जमिनीचें सपाटीकरण, नव्या नळाचा चर, हीं सर्व कामें जेसीबी अगर पोकलेन यंत्र करतें. चालक बहुधा परगांवचा, भाडें तासावर, आणि घाई दोघांसही. लोखंडी बकेटीस माती व नळ यांतला भेद कळत नाहीं. नळ फुटतो, केबल तुटते, विजेच्या खांबाचा ताण उखडतो. आणि मग चावडीपासून कोर्टापर्यंत एकच प्रश्न उठतो, कीं ह्याचें भरावयाचें कोणीं?

मालकाचें उत्तर ठरलेलें असतें: “मीं मक्ता दिला होता, मक्तेदारास विचारा.” हें उत्तर पुष्कळदां टिकत नाहीं, हें सांगण्यासाठींच हा लेख आहे. खोदण्याचें काम मक्त्यानें देतां येतें. परंतु जमिनीखालीं काय आहे ह्याचा शोध घेण्याचें कर्तव्य मक्त्यानें देतां येत नाहीं. प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली असल्यानें, कागदोपत्रीं ह्याचा बंदोबस्त कसा करावा हें विशेषेंकरून सांगण्याचा विचार आहे.

चाकर आणि मक्तेदार

कायद्याच्या दृष्टीनें दुसऱ्याकडून काम करून घेण्याचे दोन प्रकार आहेत. चाकरास काय करावें आणि कसें करावें हें दोन्ही मालक सांगतो. म्हणून कामाच्या ओघांत चाकराच्या हातून झालेल्या नुकसानीस मालक जबाबदार असतो. मक्तेदारास काय करावयाचें एवढेंच सांगितलेलें असतें. कसें करावें हें तो आपल्या अकलेनें ठरवितो. म्हणून त्याच्या हयगयीबद्दल काम देणारा सामान्यतः जबाबदार धरला जात नाहीं. एवढाच नियम ऐकून पुष्कळ मालक निर्धास्त होतात. पण ह्या नियमाचे अपवाद इतके रुंद आहेत कीं, शेतांतील व घराजवळील खोदाईचें बरेंचसें काम त्यांत सांपडतें.

पहिला अपवाद मालकाच्या स्वतःच्या हुकुमाचा. तासावर यंत्र आणून मालक बांधावर उभा राहतो आणि “येथून घे, अजून दोन फूट खोल जा” असें सांगत असतो. अशा वेळीं मक्ता नांवालाच उरतो. विलायतेंत १९४६ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें दिलेला मर्सी डॉक्सचा निवाडा येथें उपयोगी आहे. लिव्हरपूलच्या बंदर मंडळानें आपली यारी चालकासह भाड्यानें दिली होती. चालकानें ती निष्काळजीपणें चालविली व एका माणसास इजा झाली. यारी कशी चालवावी ह्यासंबंधीं भाड्यानें घेणाऱ्याची हुकमत नव्हती, म्हणून जबाबदारी यारीच्या मालकावरच राहिली. ह्यांतून दोन बोध निघतात. चालकाच्या कसबांतील चूक ही सहसा यंत्राच्या मालकाची. परंतु ज्या कृत्यामुळें नुकसान झालें तें कृत्यच जमीनमालकानें दाखवून करविलें असेल, तर त्यास हात झटकतां येत नाहींत.

दुसरा अपवाद निवडीचा. ज्यास कामाची माहिती नाहीं, ज्याचें यंत्र धड नाहीं, अशास स्वस्त मिळतो म्हणून काम दिलें, तर निवड करण्यांतील हयगय ही मालकाची स्वतःची ठरते.

तिसरा अपवाद सर्वांत महत्त्वाचा. जें काम जपून न केल्यास शेजाऱ्याचें नुकसान होणारच अशा जातीचें असतें, तें दुसऱ्यास सोंपवून मोकळें होतां येत नाहीं. १८७६ सालच्या बॉवर विरुद्ध पीट ह्या खटल्यांत एकानें आपलें घर पाडून नवा पाया खोदण्याचा मक्ता दिला. शेजारच्या घरास आधार देण्याचें व नुकसान झाल्यास तें सोसण्याचें मक्तेदारानें करारांत कबूल केलें होतें. तरीही आधार अपुरा पडून शेजारचें घर खचलें, तेव्हां कोर्टानें काम देणाऱ्यासच जबाबदार धरलें. मक्तेदाराशीं केलेला करार त्या दोघांपुरता. शेजाऱ्याचा हक्क त्यानें बुडत नाहीं, असें ह्या निवाड्याचें तात्पर्य आहे.

आपल्या विषयास ह्याहून जवळचा निवाडा १८९६ सालचा, हार्डेकर विरुद्ध आयडल डिस्ट्रिक्ट कौन्सिल हा होय. कौन्सिलनें गटाराचें काम मक्त्यानें दिलें होतें. खोदतांना उघड्या पडलेल्या गॅसच्या नळाखालीं माती नीट भरून घेण्याची हयगय मक्तेदारानें केली. आधार सुटून नळ मोडला, गॅस एका घरांत शिरला व स्फोट झाला. कौन्सिल जबाबदार ठरली. जें काम करण्यांत नळास धोका आहे तें काढणाऱ्यानें नळ संभाळला जाईल असें पाहिलेंच पाहिजे. “मक्तेदारास सांगितलें होतें” हें उत्तर पुरत नाहीं. विलायतेंतील हे निवाडे आपल्या कोर्टांवर बंधनकारक नसले, तरी नुकसानभरपाईच्या दाव्यांत आपलीं कोर्टें अशा तत्त्वांचा आधार घेत आलीं आहेत.

आपल्याकडील कायदे काय सांगतात

प्रथम पाण्याच्या नळाचें पाहूं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम ४९ प्रमाणें दुसऱ्याच्या जमिनींतून पाट अगर नळ नेण्याची परवानगी, आपसांत न जमल्यास, तहसीलदाराकडून मागतां येते. नळ जमिनीखालून न्यावयाचा तर तो पृष्ठभागापासून निदान अर्धा मीटर खोल असावा लागतो. अर्धा मीटर म्हणजे दीड फुटाहून थोडेंच अधिक. यंत्राच्या बकेटीस ही खोली कांहींच नव्हे. शिवाय हें माप नळ घातला त्या वेळच्या पृष्ठभागापासूनचें. पुढें सपाटीकरणांत उंचवट्याची माती काढली असेल, तर एके काळीं दोन फुटांवर असलेला नळ आज वीतभरावरही सांपडेल. म्हणून जुन्या कागदांतील खोलीवर विसंबूं नये.

कांहीं बागाइतदार म्हणतात, “नळ माझ्या परवानगीवांचून घातलेला आहे, फोडला तर माझें काय जातें?” ही समजूत घातक आहे. बेकायदा नळाविरुद्ध तहसीलदाराकडे अगर दिवाणी कोर्टांत दाद मागतां येते; यंत्र लावून निकाल लावतां येत नाहीं. शिवाय वीस वर्षें उघडपणें, शांतपणें व हक्क म्हणून उपभोगलेल्या सोयीस वहिवाटीचा हक्क उत्पन्न होऊं शकतो, हेंही ध्यानांत असावें. नळ तेथें आहे हें ठाऊक असून तो तोडणें हा फौजदारी गुन्हा होऊं शकतो. अजाणतेपणीं झालेला अपघात आणि जाणून केलेली आगळीक यांत कायदा मोठा भेद करतो. पाणी, वीज अगर टेलिफोन यांच्या सार्वजनिक साधनांची जाणूनबुजून खराबी करणारास १९८४ च्या सार्वजनिक मालमत्तेच्या कायद्यांत तुरुंगवासाची शिक्षा आहे.

विजेचें सामान निष्काळजीपणें मोडल्यास २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३९ प्रमाणें दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. हा दंड म्हणजे सर्व कांहीं नव्हे. खांब, तार व दुरुस्ती यांचा खर्च निराळा, आणि कोणास विजेचा धक्का बसला तर त्याचा हिशेब रुपयांत मांडतां येत नाहीं.

टेलिफोनच्या केबलींसंबंधीं जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें नियम प्रसिद्ध केले. केबलीस धोका पोहोंचेल असें खोदकाम करणारानें आधीं सूचना द्यावी व नुकसान केल्यास त्याचा आकार भरावा, असें त्यांत ठरविलें. त्याकरितां ‘कॉल बिफोर यू डिग’ नांवाची मोबाइलवरील सोय २२ मार्च २०२३ रोजीं सुरू झाली. देशांत दरवर्षीं सुमारें १० लाख वेळां अशा केबली तुटतात व सुमारें ३,००० कोटि रुपयांचें नुकसान होतें, असा सरकारचा त्या वेळचा अंदाज होता. अमेरिकेंत २००७ पासून ८११ ह्या एकाच क्रमांकावर खोदण्यापूर्वीं सूचना देण्याची वहिवाट आहे. आपल्याकडील सोय त्याच धर्तीची आहे.

चौथी गोष्ट गॅस व तेलाच्या मोठ्या वाहिन्यांची. दाभोळहून बंगळूरकडे गेलेली वायुवाहिनी ही अशांपैकींच. १९६२ च्या कायद्यानें सरकार जमीन घेत नाहीं, केवळ वापराचा हक्क घेतें. शेत मालकाचेंच राहतें व पीकही घेतां येतें. परंतु कलम ९ प्रमाणें त्या पट्ट्यांत इमारत बांधणें, विहीर, तळें अगर बंधारा करणें व झाडें लावणें मना आहे. ज्यांच्या शेतांत वाहिनीचे निशाणीचे खांब आहेत, त्यांनीं हें कलम घरांतील मुलाबाळांसही सांगून ठेवावें.

खोदण्यापूर्वीं दप्तर पाहावें

पहिला कागद म्हणजे सातबारा. त्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना पुष्कळ खातेदार बोजा आहे कीं नाहीं एवढ्यापुरताच पाहतात. पण नळाचा, पाटाचा अगर वाटेचा हक्क तेथेंच नोंदला जातो. नोंदीपुढें फेरफाराचा नंबर असतो; त्या फेरफाराची नक्कल तलाठ्याकडून घ्यावी. तीवरून तहसीलदाराचा हुकूम कोणत्या सालचा, नळ कोणत्या बाजूनें व कोणासाठीं, हें पुष्कळदां उघड होतें. जमीन अलीकडे खरेदी केलेली असल्यास हें काम अधिकच निकडीचें. कारण जुन्या मालकाची तोंडी माहिती जमिनीबरोबर विकत मिळत नाहीं.

तथापि, सर्व नळ दप्तरांत असतात असें नाहीं. वाडवडिलांनीं एकमेकांच्या शब्दावर घातलेले नळ कोणत्याही रकान्यांत सांपडावयाचे नाहींत. म्हणून दुसरी पायरी विचारण्याची. पाणीपुरवठा संस्थेचा सेक्रेटरी व पाणी सोडणारा पाटकरी, ग्रामपंचायतीचा पाणीवाला, महावितरणचा वायरमन आणि शेजारचे वृद्ध खातेदार, ह्या सर्वांस विचारावें. शक्य तर संस्थेस व ग्रामपंचायतीस दोन ओळींचा अर्ज देऊन पोंच घ्यावी: “अमुक गटांत अमुक तारखेस खोदकाम करावयाचें आहे, आपला नळ असल्यास माणूस पाठवून जागा दाखवावी.” ह्या पोंचेची किंमत कागदाच्या किमतीहून फार अधिक आहे. मालकानें शोध घेतला होता, हें सिद्ध करणारा तोच पुरावा.

तिसरी पायरी जमिनीवरील खुणांची. व्हॉल्व्हच्या चेंबरपासून चेंबरपर्यंत दोरी धरल्यास नळाची ओळ बहुधा कळते. संशयाच्या जागीं हातानें आडवे चाचणी-खड्डे घ्यावे. नळ सांपडला कीं चुन्याची रेघ मारून दोन्ही बाजूंस तीन तीन फूट यंत्रास बंदी करावी आणि तेवढें काम कुदळीनें करावें. उघडा पडलेला नळ अधांतरीं ठेवूं नये. त्याखालीं माती ठोकून बसवावी, नाहीं तर हार्डेकरच्या खटल्यांतील प्रकार आपल्याच शेतांत घडेल. वर पाहण्यासही विसरूं नये. यंत्राचा हात उंचावला असतां विजेच्या तारेस लागण्याचा संभव असतो.

करारांत काय लिहावें

शेतांतील मक्ता बहुधा तोंडी असतो. पांच हजारांचें काम असो वा पन्नास हजारांचें, एक कागद अवश्य करावा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलमें १२४ व १२५ प्रमाणें नुकसान भरून देण्याची हमी देतां-घेतां येते. ती पुढीलप्रमाणें असावी:

“गट नंबर अमुक मधील खोदकाम मी मक्त्यानें घेतलें आहे. जमीनमालकानें दाखविलेल्या खुणा मीं पाहिल्या. खुणांपासून तीन फुटांच्या आंत यंत्र चालविणार नाहीं. नवा नळ, केबल अगर तार आढळल्यास काम थांबवून मालकास कळवीन. माझ्या अगर माझ्या माणसांच्या हयगयीनें कोणाच्याही नळास, तारेस अगर खांबास इजा पोहोंचल्यास दुरुस्तीचा व भरपाईचा सर्व खर्च मी सोशीन; मालकास तो भरावा लागल्यास त्यांस परत करीन.”

ह्या कागदानें संस्थेचा मालकाविरुद्धचा हक्क जात नाहीं. बॉवरच्या खटल्यानें तें दाखविलेंच आहे. परंतु मालकानें भरलेली रक्कम मक्तेदाराकडून वसूल करण्याचा मार्ग मोकळा राहतो. हमी मात्र देणाऱ्याच्या ऐपतीइतकीच खरी असते. म्हणून मक्त्याची कांहीं रक्कम काम पुरें होऊन नळांतून पाणी वाहिलेलें दिसेपर्यंत राखून ठेवावी. यंत्राचा विमाही पाहावा. पुष्कळ विम्यांत रस्त्यावरील अपघात असतो, पण यंत्र खोदत असतांना झालेलें नुकसान वगळलेलें असतें.

नळ फुटल्यास काय करावें

समजा, चैत्रांत सपाटीकरण चालू असतां संस्थेचा मुख्य नळ फुटला. पुढच्या चाळीस सभासदांच्या उसाची पाळी चुकणार. अशा वेळीं चालक यंत्र घेऊन निघून जाण्याच्या बेतांत असतो, आणि मालकास माती लोटून गोष्ट झांकावी असें वाटतें. दोन्ही गोष्टी होऊं देऊं नयेत. प्रथम पंप बंद करवावा व संस्थेस ताबडतोब कळवावें. पाण्याचें नुकसान जितक्या तासांचें, भरपाई तितकीच मोठी. लौकर कळविणें हा मालकाचा स्वतःचाच फायदा आहे.

विजेची तार तुटल्यास कोणीही जवळ जाऊं नये. आग लागली नसेल तर चालकानें यंत्रांतच बसून राहावें व महावितरणनें प्रवाह बंद केल्याची खात्री होईपर्यंत उतरूं नये. गॅसच्या वाहिनीस नुसता ओरखडा गेला तरी काम थांबवून वाहिनीच्या खांबावरील क्रमांकावर कळवावें. बेल्जम देशांतील गिलेंगियाँ येथें बांधकामाच्या यंत्रानें वायुवाहिनीस असाच ओरखडा पडला होता. ती त्या वेळीं फुटली नाहीं. पुढें वाहिनींतील दाब वाढल्यावर ३० जुलै २००४ रोजीं ती फुटून भडका उडाला आणि २४ माणसें मरण पावलीं. मातीखालीं झांकलेला ओरखडा हा पुरलेला दारूगोळाच समजावा.

मालकाचीही बाजू असते

संस्थेनें अगर कंपनीनें मागितलें तेवढें निमूटपणें भरावें, असा मात्र ह्या लेखाचा आशय नाहीं. नळ अर्ध्या मीटरहून वर होता काय, खूण होती काय, मालकानें अर्ज देऊनही माणूस आला नाहीं काय, हे प्रश्न भरपाई ठरवितांना महत्त्वाचे आहेत. नळाच्या मालकाचीही हयगय असल्यास ती भरपाईंत धरली गेली पाहिजे. पण हे प्रश्न विचारावयाचे तर पुरावा चर बुजविण्यापूर्वींच घेतला पाहिजे. फीत लावून खोली मोजावी, फीत दिसेल असे फोटो घ्यावे, संस्थेचा माणूस, मक्तेदार व दोन शेजारी यांच्या समक्ष पंचनामा करून सह्या घ्याव्या. दुरुस्तीचीं बिलें मागावीं. जुन्या, गळक्या नळाच्या जागीं साऱ्या लांबीचा नवा नळ घालून त्याचा खर्च मागत असल्यास हरकत घ्यावी. रक्कम भरलीच, तर पावतींत ‘ह्या नुकसानीबाबत पूर्ण फेड’ असे शब्द घालून घ्यावे.

शेवटीं संस्थांनाही एक विनंति आहे. ज्यांचे नळ लोकांच्या शेतांखालून गेले आहेत त्यांनीं आपल्या नळांचा गटवार नकाशा करून एक प्रत चावडींत व एक ग्रामपंचायतींत ठेवावी, बांधाबांधावर दगड रोवावे, आणि सातबाऱ्यावर नोंद नसल्यास ती करून घ्यावी. ज्या पाटकऱ्यांच्या स्मरणांत आज हे नळ आहेत, ते वृद्ध होत चालले आहेत. त्यांस बरोबर घेऊन येत्या उन्हाळ्यांत शिवारफेरी केल्यास हें काम थोड्या दिवसांत व थोड्या खर्चांत होईल. नकाशा असेल तर मालकास विचारण्यास जागा राहील, मक्तेदारास सबब राहणार नाहीं, आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांतील एक तंटा खोदण्यापूर्वींच मिटेल.